गुलाबी न होणारा साबण

कल्पना करा, तुम्ही एका अरुंद गल्लीतून चालला आहात. सकाळची वेळ आहे. भुरभुर पाऊस येऊन गेलाय आणि फरशा ओल्या आहेत. एका उघड्या खिडकीतून खोबरेल तेलाचा कोमट वास येतोय. तुम्ही आत डोकावता. आत एक लांब लाकडी टेबल आहे, त्यावर साबणाच्या वड्या ओळीने मांडल्या आहेत आणि टेबलापाशी एक तरुणी उभी आहे. ती एक वडी उचलते. तिच्यावर फुंकर मारते. डोळे मिटते. आणि... जिभेचं टोक हळूच त्या वडीला लावते!

तुम्ही हसला असतात, खरं ना?

त्या दिवशी खिडकीबाहेर जो माणूस उभा होता, तो मात्र हसला नाही. त्याने हातातलं लाकडी खोकं छातीशी कवटाळलं आणि तो ओरडला, "अहो! अहो बाई! थुंका ते! पाणी... पाणी कुठंय?"

तरुणीने एक डोळा उघडला.

"पाणी कशाला? तहान लागलीय का तुम्हाला?"

"तुम्ही साबण चाटताय!"

"चाटत नाहीये, तपासतेय. आणि लोकांच्या खिडकीत तोंड घालून ओरडायचं कारण? दार तिकडे आहे."

तो दाराने आत आला. उंच, किडकिडीत, चष्म्यावर पावसाचे थेंब. पायपुसणं दिसताच त्याने चपला तीन-तीनदा पुसल्या. तपासणी प्रयोगशाळेतून आलो आहे, असं त्याने सांगितलं आणि खिशातून एक कागद काढला.

"या साबणाबद्दल तक्रार आलीय. लहान मुलीचे हात भाजल्याची. तक्रार करणाऱ्यांना भेटायचं होतं."

"मीच."

"बरं. आणि साबण करणाऱ्या?"

"त्याही मीच."

तपासनीसाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे तुम्ही तुमच्याच विरुद्ध..."

"मग कोणाच्या विरुद्ध करू? साबण मी केला. हात माझ्या भाचीचे भाजले." तिने आतल्या दाराकडे पाहून हाक मारली, "ये गं बाहेर. दाखव यांना."

नऊ वर्षांची एक मुलगी बाहेर आली. तिची आई, म्हणजे साबणवालीची ताई, दवाखान्यात परिचारिका होती. तिची दिवसपाळी असली की शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी ही पोर मावशीकडे असे. तिला गप्प बसणं ठाऊक नव्हतं, म्हणून मावशी तिला चौकशीबाई म्हणायची. चौकशीबाईने दोन्ही तळहात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांतली कातडी लालसर होती आणि पापुद्रे निघत होते.

"आता बरं आहे," ती म्हणाली. "आईने अर्धा तास नळाखाली धरले होते. काका, त्यावर लिंबू पिळलं असतं तर? लिंबू आंबट, साबण तुरट. फिट्टंफाट झाली असती ना?"

"झाली असती, पण तुझ्या हातावर. ती फिट्टंफाट होताना उष्णता निघते. आधी साबणाने भाजलं असतं, मग भांडणाने. आईने केलं तेच बरोबर. पाणी, भरपूर पाणी."

त्याने हात नीट पाहिले आणि कोपऱ्यातल्या मोरीकडे बोट केलं. "आता हात धुवून ये पाहू."

चौकशीबाईने दप्तरातून एक निळी प्लास्टिकची डबी काढली. डबीत दुकानातून आणलेली गुलाबाच्या वासाची वडी होती. साबणाने भरलेल्या त्या खोलीत ती पोर मोरीपाशी गेली, आपल्या डबीतल्या वडीने हात धुतले आणि डबी टक्कन बंद करून परत दप्तरात ठेवली.

साबणवाली खिडकीबाहेर बघत राहिली. तपासनीसाने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खोक्याकडे वळवली. परवान्याचं काय होईल हा प्रश्न होताच. पण या बाईला सगळ्यात जास्त काय लागलंय, ते त्याला त्या टक्कन आवाजात समजलं.

*

खोक्यात काचेची सामग्री होती. त्याने तक्रार आलेल्या साबणाची एक वडी मधून कापली, आतला कीस काढला, चंबूत घातला आणि वरून स्पिरिट ओतून चंबू गरम पाण्याच्या भांड्यात ठेवला. कीस विरघळला. मग त्याने एका छोट्या बाटलीतून दोन थेंब टाकले. पाण्यासारखे दिसणारे, बिनरंगाचे.

चंबू गुलाबी झाला. गडद, सुंदर गुलाबी!

"अय्या!" चौकशीबाईने टाळ्या वाजवल्या. "किती छान!"

"छान नाही," साबणवाली हळू आवाजात म्हणाली. तिने त्याचा चेहरा पाहिला होता.

प्रेमाच्या गोष्टीत गुलाबी रंग आला की सगळं छान चाललंय असं समजायचं असतं. या गोष्टीत नेमकं उलटं आहे. का, ते तपासनीसाने चौकशीबाईला सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

लिंबू, व्हिनेगर, ताक आंबट असतात, कारण त्यांच्यात आम्ल असतं. चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, कॉस्टिक सोडा ही दुसरी मंडळी. त्यांना आम्लारी म्हणतात. ती हाताला बुळबुळीत लागतात. दोन्हीकडचे सौम्य लोक स्वयंपाकघरात सुखाने राहतात. जहाल असतात ते कातडी भाजतात. पण आम्ल आणि आम्लारी योग्य मापाने एकत्र आले की दोघांचाही जहालपणा जातो. उरतं पाणी आणि एक नवा पदार्थ. त्याला म्हणतात क्षार.

"तेलाच्या पोटातही आम्लं दडलेली असतात," तो म्हणाला. "त्यांना कॉस्टिक भेटलं की तयार होणारा क्षार म्हणजे साबण."

"क्षार म्हणजे मीठ ना? मग साबण खारट का नाही?"

"तुझ्या मावशीला विचार. चव त्यांनी घेतलीय."

साबणवालीला हसू आलं, पण तिने ते परत पाठवलं.

"कॉस्टिक जास्त झालं," तो पुढे म्हणाला, "तर भेटायला कोणी उरत नाही आणि ते वडीत तसंच एकटं भटकत राहतं. गुलाबी रंग त्याने आणलाय. आता हे किती आहे ते मोजू."

त्याने उभी काचेची नळी लावली. नळीत सौम्य आम्ल होतं. एक एक थेंब चंबूत पडायला लागला. प्रत्येक थेंबापाशी गुलाबी रंग क्षणभर फिकटे आणि पुन्हा पसरे. थेंब... थेंब... थेंब... आणि एकदम, एका थेंबाला, सगळा रंग गेला. जणू कधी नव्हताच.

"थेंबकाका!" चौकशीबाई म्हणाली आणि त्याला नाव पडलं.

थेंबकाकाने वहीत आकडा लिहिला. मग तो शब्द मोजून-मापून बोलला. "हा नमुना नापास आहे. नियमाप्रमाणे दोन महिन्यांत दुसरा नमुना द्यायचा. तोही नापास झाला तर... परवाना रद्द होतो."

"ठाऊक आहे. पत्र टाकण्याआधी नियम वाचले होते मी."

"तरी टाकलंत?"

"त्या घाण्यातल्या साठ वड्या होत्या. दारोदार जाऊन अठ्ठावन्न परत आणल्या. एक हिने वापरली, एक कुणाच्या तरी मोरीतून उंदराने पळवली." तिने कोपऱ्यातल्या टोपलीकडे बोट दाखवलं. "परत आणताना प्रत्येक दारात सांगितलं की काय चुकलं ते शोधून काढीन. आता शोधायला नको?"

*

घाणा म्हणजे एका वेळी ओतलेला साबण. ओतला की तो सहा आठवडे मुरवावा लागतो. दोन महिन्यांतून सहा आठवडे वजा करा. उरतात अठराएक दिवस. तेवढ्यात नवा घाणा ओतला तरच तो वेळेत तयार होणार होता.

थेंबकाका पुढच्या गुरुवारी आला तेव्हा पातेलं कोरडंच होतं.

"अजून ओतला नाहीत?"

"कारण कळल्याशिवाय ओतणार नाही."

"कारण मी आणलंय." त्याने एक कागद पुढे केला. "तेल. तुमच्या नव्या डब्यात नुसतं खोबरेल नाहीये, दुसरं तेल मिसळलंय. त्याला कॉस्टिक कमी लागतं. तुम्ही नेहमीएवढं घातलंत, ते उरलं."

त्याला वाटलं, ती आनंदेल. तिने कागद वाचला आणि मान हलवली.

"तेल थोडंफार दर डब्याला बदलतं. माझ्या वडिलांच्या वेळीही बदलायचं. म्हणून तर जीभ आहे. कॉस्टिक उरलं असलं की जिभेला चटका बसतो, विजेची तार लागल्यासारखा. मग वडी किसायची, वितळवायची, तेल वाढवायचं. चाळीस वर्षं वडिलांनी असंच केलं आणि सात वर्षं मी करतेय. या वेळी चटका बसला नाही. का?"

"कारण जीभ हे उपकरण नाही."

"माझी जीभ चुकत नाही."

"ते मला पहिल्याच दिवशी कळलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला आपण काय बोलून बसलो ते कळलं आणि त्याचे कान तापले. चौकशीबाईने चंबूकडे पाहावं तसं त्याच्या कानांकडे पाहिलं.

"मावशी, काका गुलाबी झाले."

"तू गप गं!" दोघं एकदम म्हणाली.

त्या गुरुवारी जाण्याआधी त्याने एक गंमत केली. खोक्यातून दोन बाटल्या काढल्या, एकीत आम्ल आणि एकीत कॉस्टिक. दोन्ही अशी की हाताला लागली तर भाजेल. मापाने थेंब-थेंब मिसळून त्याने ते पाणी बशीत ओतलं आणि बशी खिडकीत ठेवली.

"हिला हात लावायचा नाही. गुरुवारपर्यंत फक्त बघायचं."

"काय बघायचं?"

"दोन रागीट माणसांना एकत्र राहायला दिलं तर काय होतं ते."

हे तो चौकशीबाईला म्हणाला. पण सात दिवस त्या बशीकडे सगळ्यात जास्त वेळा कोणी पाहिलं असेल, ते तुम्ही ओळखा.

*

तिसऱ्या गुरुवारी बशी कोरडी झाली होती. तळाशी बारीक, चौकोनी, पांढरे खडे चमकत होते. चौकशीबाईने भिंगातून पाहिलं. एकेक खडा फाशासारखा.

"मीठ?"

"मीठ. तुझ्या आईच्या डब्यात आहे तेच."

"चाखू?"

"अजिबात नाही! या घरात चाखणारं एक माणूस पुरे."

पण साबणवाली हसली नाही. चौदा दिवस झाले होते. वजनकाटा तिने तपासून घेतला होता, मापं पुन्हा घासली होती, घाण्याची वही पन्नास वेळा चाळली होती. वहीत त्या तारखेला तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : जिभेने पाहिलं, ठीक.

"नव्या तेलाचं माप माझ्याकडे आहे," थेंबकाका म्हणाला. "ओता ना घाणा. हट्ट कशाला? चारच दिवस राहिलेत."

"हट्ट नाही हा. उद्या तुमचं माप चुकलं, मी जिभेवर भरवसा ठेवला आणि पुन्हा कुणाचे हात भाजले तर? सगळं बरोबर असताना चूक झाली, असं म्हणून मी पुढे जाऊ शकत नाही. तुम्ही जाल?"

खरं म्हणजे तोही गेला नसता. आणि आपण दर गुरुवारी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पावलं भराभर का उचलतो, याचं उत्तर त्याला त्याच क्षणी मिळालं.

चौकशीबाई वही घेऊन जमिनीवर बसली होती. त्या वहीच्या कडेला चित्रं काढायची तिला खोड होती आणि त्यावरून ती बोलणीही खायची. आज आपलीच चित्रं बघत ती पानं उलटत होती. एकदम ती थांबली.

"थेंबकाका, हे बघा. हे मी त्याच दिवशी काढलंय."

पानाच्या कडेला एक बाई होती. एक गाल भोपळ्याएवढा, डोक्याभोवती फडकं गुंडाळलेलं, डोळ्यांतून मोठाले थेंब.

"ही कोण?"

"मावशी! तिची दाढ दुखत होती. मला लवंग आणायला पाठवलं होतं. तिने सांगितली एक, मी तीन आणल्या आणि तिने तिन्ही ठेवल्या तोंडात. मी गोष्ट सांग म्हटलं तर नुसतं ऊं-ऊं करत होती."

थेंबकाकाने वही हातात घेतली.

"लवंग," थेंबकाका म्हणाला. "लवंगेने तोंड बधिर होतं. म्हणूनच तर दाढेला लावतात."

साबणवाली खुर्चीवर बसली. दाढ ठणकत होती, तरी काम अडू नये म्हणून तिने त्या दिवशी वडी उचलली होती, जीभ लावली होती आणि वहीत ठीक असं लिहिलं होतं. तेव्हा दुखत नव्हतं, एवढंच तिला आठवत होतं. कुठेच काही दुखत नव्हतं.

"बघू या," ती उठली.

"काय बघू या?"

तिने डबीतून तीन लवंगा काढून गालात ठेवल्या. "अर्धा ताश थांबा."

"अहो, असं काही करायचं नाहीये! तर्काने पटलंय ना आपल्याला?"

"तुम्हाला पतलं अशेल."

अर्ध्या तासाने तिने टोपलीतली वडी मधून कापली आणि जिभेचं टोक लावलं. थेंबकाका पाण्याचा तांब्या घेऊन इतका जवळ उभा होता की पाणी तिच्या बाहीवर सांडलं.

"काई नाई," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते चटक्याने नव्हतं. "काईच कलत नाई."

"चूळ भरा. आधी चूळ भरा! आणखी एकदा... आणखी."

(हे वाचून कुणी घरी काहीही चाखायला जाणार असेल, तर सांगून ठेवते : संध्याकाळी लवंगेचा अंमल उतरल्यावर तिच्या जिभेवर टचटचीत फोड आला होता आणि दोन दिवस ती गार पेजेवर होती.)

चूळ भरून झाल्यावर तिने वही उघडली आणि त्या तारखेखाली लिहिलं : चूक माझी. दाढेत लवंग होती. मग कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात : यापुढे जीभ नाही.

लिहिताना तिचा हात जरा थांबला. ती वडिलांची जीभ होती, एका अर्थी.

"त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी जीभ वापरली," थेंबकाका हळूच म्हणाला. "कुणाचे हात भाजू नयेत, यासाठीच ना?"

तिने मान हलवली. "शिकवाल मला? ते थेंबांचं?"

*

घाणा सतराव्या दिवशी ओतला गेला. आणि मग सहा आठवडे, दर गुरुवारी, ती नळीशी उभी राहून शिकली.

"तोटी इतकी उघडायची नाही. हलक्या हाताने. आणि श्वास रोखू नका."

"तुम्ही एवढ्या जवळ उभे राहिलात तर रोखला जातो."

"मी... मग मागे सरकू?"

"मी कुठे म्हटलं सरका?"

थेंब पडला. चंबू दोघांनी एकदम हलवला. रंग गेला आणि पुन्हा आला.

"हा पटकन जात नाही," ती म्हणाली.

"शेवटपर्यंत वाटतं, काहीच होत नाहीये. मग एकाच थेंबाला होतं. तो थेंब आधी ओळखता येत नाही."

"चुकून पुढे गेलं तर?"

"मग पुन्हा पहिल्यापासून. मी आहे ना."

ती सरावाच्या वड्यांवर चुकली, पुन्हा केलं, पुन्हा चुकली. पाचव्या गुरुवारी तिचा आणि त्याचा आकडा जुळला. चौकशीबाई सगळं बघत होती, प्रश्न विचारत होती, थेंब मोजत होती. पण हात धुवायची वेळ आली की दप्तरातली निळी डबी निघायची. टक्. साबणवाली तिला कधी एक शब्द बोलली नाही. अठ्ठावन्न वड्या परत आणणारी बाई होती ती. भरवसा मागून मिळत नाही, हे तिला ठाऊक होतं.

साठाव्या दिवशी नमुना घ्यायला थेंबकाका आला. त्याने तीन वड्या निवडल्या, पुडीत बांधल्या आणि पुडी मोहोरबंद केली.

"उद्या तपासाल?" तिने विचारलं.

"मी नाही तपासणार."

"म्हणजे?"

"आमच्या मोठ्या बाई तपासतील. मी अर्ज दिलाय."

मोठ्या बाईंचं नाव गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी सख्ख्या दिराचं व्हिनेगर नापास केलं होतं आणि त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जेवायलाही गेल्या होत्या.

साबणवालीचे ओठ घट्ट मिटले. "आठ आठवडे माझ्या शेजारी उभे राहिलात. आणि शेवटच्या दिवशी हात वर केलेत? माझ्या साबणाचा भरवसा नाही तुम्हाला?"

"साबणाचा आहे."

"मग कोणाचा नाही?"

तो दारापर्यंत गेला. पायपुसण्यावर उगाच चपला पुसल्या, बाहेर जाताना! "कारण अर्जात लिहिलंय. निकालाबरोबर त्याची प्रत येते. नियम आहे तसा."

आणि तो गेला.

ती रागावली, पण हातावर हात ठेवून बसली नाही. नमुना पास होवो की नापास, तेल आलं होतं आणि तेल वाट बघत नाही. तिने नव्या डब्यातलं तेल तपासलं, माप काढलं, वहीत लिहिलं. पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्या दिवशी तिने एकच आकडा तीनदा मोजला.

*

शनिवारी दुपारी ती घाणा ढवळत होती. हातात जाड मोजे, डोळ्यांवर बंद चष्मा. तेल आणि कॉस्टिक एकत्र आलं की ढवळणं थांबवता येत नाही. पळीची रेघ वरच्या सायीवर उमटून राहीपर्यंत हात चालू ठेवावा लागतो.

पोस्टमनने लिफाफा दारात टाकला.

"मावशी, प्रयोगशाळेचा!"

"माझे हात गुंतलेत. तू फोड. लांब उभी राहून वाच."

चौकशीबाईने फोडला. शाळेत धडा वाचतात तशी ती वाचू लागली. "नमुना क्रमांक... तारीख... निर्देशक टाकल्यावर रंग : आला नाही. मुक्त कॉस्टिक : आढळले नाही. निकाल..." ती थांबली. "मावशी, गुलाबी झालाच नाही! पास! सही मोठ्या बाईंची!"

साबणवालीची पळी जरा जोरात फिरू लागली. बंद चष्म्याच्या आत धुकं जमलं, आणि मोजे घातलेल्या हातांनी ते पुसताही येईना.

"दुसरा कागद पण आहे. नमुना दुसऱ्याकडे सोपवण्याचा अर्ज. वाचू?"

"...वाच."

"तपासनीसाने नमुना न तपासण्याचे कारण : या नमुन्याच्या बाबतीत मी निःपक्ष राहू शकत नाही. तो पास व्हावा असे मला फार वाटते. त्यामुळे तो गुलाबी झाला तर माझ्या डोळ्यांना तो दिसेल, याची खात्री देता येत नाही." चौकशीबाईने दम घेतला. "खाली एक रकाना आहे. उत्पादकाशी नाते. पुढे हाताने लिहिलंय..."

"काय लिहिलंय?"

"अजून नाही."

पळी थांबली.

"थांबू नका!" दारातून आवाज आला. "घाणा फुटेल!"

थेंबकाका धापा टाकत उभा होता. चपला पुसायलाही विसरला होता. "टपाल सोमवारी येईल असा माझा हिशेब होता. त्याच्या आधी येऊन मी स्वतः सांगणार होतो... आलं वाटतं."

"आलं," साबणवाली म्हणाली. पळी फिरू लागली होती. "मोठ्या बाई काही म्हणाल्या नाहीत? असं लिहितात अर्जात?"

"म्हणाल्या ना. शिक्का मारताना म्हणाल्या, नियमात नाही हा शब्द, पण खोटाही नाही." तो एक पाऊल पुढे आला. "अजून नाही याचा अर्थ... घाई नाहीये. तुम्ही नको म्हणालात तर मी तो रकाना कोरा करून घेईन."

"अधिकृत कागदावर खाडाखोड चालते?"

"नाही चालत."

"मग?"

तिने मानेनेच खुंटीकडे खूण केली. खुंटीवर दुसरा मोज्यांचा जोड होता आणि दुसरा चष्मा. त्याने दोन्ही घातले, शेजारची पळी उचलली आणि तो तिच्यासमोर उभा राहिला. दोघांच्या पळ्या एकाच पातेल्यात, एकाच दिशेने फिरू लागल्या. खोबरेलाचा कोमट वास खोलीभर पसरला. आधी दाट पाण्यासारखं, मग सायीसारखं... आणि मग तिने पळी उचलली, तेव्हा वरून पडलेली धार बुडाली नाही. पृष्ठभागावर रेघ उमटली आणि उमटलेलीच राहिली.

"झालं," तो म्हणाला. त्याची पळी मंदावली.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "अजून थोडं."

"मावशी!" चौकशीबाई ओरडली. "तू काकांना तू म्हणालीस!"

तिघांपैकी दोघांचे चेहरे कोणत्या रंगाचे झाले, ते मी सांगायची गरज नाही. मोठी माणसं पातेल्यात बघत राहिली, जणू त्यात पुढचा धडा लिहिला होता.

चौकशीबाईने निकालाचा कागद आणखी एकदा पाहिला. रंग : आला नाही. मग ती टेबलापाशी गेली. पास झालेल्या घाण्यातली एक वडी निवडली आणि मोरीपाशी जाऊन बाह्या वर केल्या. तिने हात धुतले. बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, पार कोपरापर्यंत. फेस नाकाशी नेऊन हुंगला. हात पालथे केले, उलथे केले, उजेडात धरून पाहिले.

पातेल्यापाशी दोन्ही पळ्या थांबल्या होत्या.

तिने वडी फडक्याने कोरडी केली. दप्तरातून निळी डबी काढली, त्यातली दुकानातली वडी बाहेर ठेवली आणि मावशीची वडी आत ठेवून झाकण लावलं. टक्. मग दुकानातली वडी तिने थेंबकाकाच्या मोज्यातल्या हातावर ठेवली आणि म्हणाली,

"आता ही तपासा. हिच्याशी तर तुमचं काही नातं नाही ना?"